घेवड्याला मंद आच चालत नाही

कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फिकट गुलाबी दाण्यावर तांबड्या रेघा. शिजला की रेघा विरतात आणि आमटी दाट होते. चवीचं कौतुक करायला सातारकरांना निमित्त लागत नाही. पण हा राजम्याचा सख्खा भाऊ कच्चा असताना विषारी असतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

विष म्हणजे फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर जी साखरेची साखळी असते, तिला ते घट्ट चिकटतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब. बहुतेकांना काही तासांत उतार पडतो. लहान मुलांच्या अंगातलं पाणी मात्र कमी होऊ देऊ नये. याच प्रथिनामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी विभागू लागतात, हे १९६० मध्ये पीटर नॉवेल यांनी दाखवलं, आणि गुणसूत्रांच्या तपासणीत ते आजही वापरतात. पोटाला वाईट, प्रयोगशाळेला सोन्यासारखं!

खरी मेख आचेत आहे. १०० अंशांवर खदखदून उकळलं तर दहा मिनिटांत हे प्रथिन निकामी होतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन खबरदारी म्हणून तीस मिनिटं सांगतं. ८० अंशांच्या आसपास रेंगाळलं, तर विषारीपणा कच्च्या दाण्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकतो. म्हणजे मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा घेवडा टाकून निवांत बसणं हा सगळ्यात वाईट उपाय. महाबळेश्वरात पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतं, तिथे उघड्या पातेल्यात जास्त वेळ द्यायला हवा.

कोरडं भाजणंही भरवशाचं नाही. २००६ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरचा वजन घटवण्याचा उपाय पाहून लोकांनी पांढरा राजमा तीन मिनिटं भाजला, दळला, भातावर भुरभुरला आणि शेकडो जण आजारी पडले. आपल्याकडे भाजणीत डाळी घालायची सवय आहे. तिच्यात घेवडा घालू नये.

आपल्याला वाचवतो तो कुकर. आत तापमान १२० अंशांच्या जवळ जातं. घेवडा रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात शिट्ट्या करा. दाणा बोटानं सहज चेपला पाहिजे. मधे कणी लागली तर परत चढवा. नुसते मोड आणून भागत नाही. श्रावण घेवड्याच्या शेंगाही त्याच जातीच्या, त्याही नीट शिजवूनच खाव्यात.

मूग-मटकीचं हे दुखणं नाही. सोयाबीन मात्र कच्चं खाऊ नये, त्यातली काही प्रथिनं पचनच अडवतात. डबल बीमध्ये वेगळाच प्रकार: सायनाइड सोडणारं द्रव्य, रंगीत आणि रानटी वाणांत जास्त. ती भिजवून, पाणी टाकून, झाकण न ठेवता उकळावी. विदर्भातली लाखोळी डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. अधूनमधून घासभर खाण्यानं तसं होत नाही.

गुंज तर खायची वस्तूच नव्हे. सोनाराच्या तराजूतली ही लाल-काळी बी अख्खी गिळली तर टणक कवचामुळे बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, पण चावली गेली तर एकही जिवावर बेतू शकते. मुलानं तोंडात घातल्याचा संशय आला, तर उलटीची वाट न बघता थेट दवाखाना गाठावा.