बिनगिअरच्या सायकलीला माउंटन बाइकचा क्रँक

गिअरच्या सायकलीचा क्रँकसेट, म्हणजे पॅडलचे दोन दांडे (क्रँक) आणि त्यांच्यावरची दातेरी चाकं (चेनव्हील्स), कधीच एकटा नसतो. त्याच्यावरची दोन-तीन चेनव्हील्स, चेन एकीवरून दुसरीवर ढकलणारा पुढचा डिरेलर, हँडलवरचा शिफ्टर आणि मागच्या चाकावरच्या आठ-दहा दातेरी चकत्या हे सगळं एकमेकांच्या मापानं बनवलेलं असतं. त्यातला एक भाग भलत्याच कंपनीचा किंवा भलत्याच काळातला बसवला, की गिअर अडखळायला लागतात. सिंगलस्पीडमध्ये, म्हणजे बिनगिअरच्या सायकलीत, यातलं काहीच नसतं. पुढे एक चेनव्हील, मागे एक चकती आणि मधे चेन. त्यामुळे क्रँकवरची बहुतेक बंधनं आपोआप गळून पडतात. एकच उरतं, पण ते कडक असतं: चेन सरळ रेषेत आणि एकसारख्या ताणानं धावली पाहिजे.

हे ध्यानात आलं, की ‘ट्रॅक क्रँकसेट’ (ट्रॅकवरच्या शर्यतींच्या बिनगिअरच्या सायकलींचा क्रँकसेट) म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या मालापलीकडे नजर जाते. १९८०च्या दशकात आणि १९९०च्या सुरुवातीच्या वर्षांत माउंटन बाइकवर येणारा तीन चेनव्हील्सचा, पाच बोल्टांचा ॲल्युमिनियम क्रँक मला या कामासाठी फार आवडतो. आता तो कोणाला नको असतो, म्हणून जुन्या सायकलीवरून उतरवलेला स्वस्तात मिळून जातो. तिन्ही चेनव्हील्स काढायची आणि मधल्या जागी एकच, आपल्याला हव्या तितक्या दात्यांची, साधी चेनव्हील लावायची. मुळातली मधली चेनव्हील तशीच ठेवण्याचा मोह टाळावा. तिचे काही दाते मुद्दाम खुजे केलेले असतात. चेन सहज सुटावी आणि शेजारच्या चेनव्हीलवर चढावी यासाठीच ती घडवलेली असते, आणि आपल्याला तर चेन सुटायलाच नको आहे.

अशा क्रँकवर बाहेरच्या दोन चेनव्हील्सचे बोल्ट ११० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसतात आणि सर्वांत आतल्या छोट्या चेनव्हीलचे ७४ मिलिमीटरच्या. ११०च्या वर्तुळावर ३४ दात्यांपासून पुढची जवळपास कुठलीही चेनव्हील बसते. ट्रॅकच्या जुन्या क्रँकचं वर्तुळ १४४ मिलिमीटरचं, त्यामुळे तिथे चाळिशीच्या खाली जाताच येत नाही. रोड बाइकच्या १३०वर ३८ ही खालची हद्द. म्हणजे चढउताराच्या गावात राहणाऱ्याला हा जुना क्रँक ट्रॅकच्या क्रँकपेक्षा जास्त मोकळीक देतो. एक छोटी वस्तू मात्र आठवणीनं घ्यावी लागते: आखूड बोल्ट. मूळ बोल्ट दोन चेनव्हील्सची जाडी धरून बनवलेले असतात. एकाच चेनव्हीलवर ते पूर्ण पिळले तरी चेनव्हील सैलच राहते.

आता चेनची रेषा. ती मोजायला स्टीलची पट्टी पुरते. पुढे सीटखालच्या उभ्या नळीच्या उजव्या कडेपासून चेनव्हीलच्या दात्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्यात नळीचा अर्धा व्यास मिळवायचा. नळी २८.६ मिलिमीटरची आणि मोजलेलं अंतर ३३ असेल तर बेरीज ४७.३. मागे हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) दोन्ही लॉकनटांमधलं, म्हणजे फ्रेमला टेकणाऱ्या टोकाच्या नटांमधलं, अंतर मोजून निम्मं करायचं आणि त्यातून उजव्या लॉकनटपासून चकतीच्या दात्यापर्यंतचं अंतर वजा करायचं. ट्रॅक हब १२० मिलिमीटर रुंद असतो. निम्मे ६०, वजा १८, उरले ४२. दोन आकड्यांत फरक ५.३ मिलिमीटरचा. क्रँकपासून मागच्या हबपर्यंतच्या सव्वाचारशे मिलिमीटर लांबीत एवढा तिरकेपणा म्हणजे एका अंशाहून कमी, डोळ्याला जेमतेम दिसणारा. तरी चेन कुरकुरते, दाते एका बाजूनं झिजतात आणि खड्ड्यात उसळी बसली की चेन पडण्याची भीती राहते.

इथे एक गोष्ट मला विशेष वाटते. तिरक्या चेनमुळे आपली ताकद वाया जाते असं सर्रास मानलं जातं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी चेनची कार्यक्षमता मोजली. त्यांच्या मोजमापांत तिरकेपणाचा परिणाम नगण्य निघाला. परिणाम दिसला तो चकत्यांच्या आकाराचा आणि चेनच्या ताणाचा. चकत्या मोठ्या आणि ताण जास्त असताना कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्याही वर गेली. तेव्हा चेन सरळ ठेवायची ती ताकद वाचवण्यासाठी नाही, तर चेन जागेवर राहावी म्हणून. गिअरच्या सायकलीत मागचा डिरेलर चेनला सतत ताणून, वाट दाखवत नेतो. सिंगलस्पीडमध्ये तो नाही. मागे फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारी चकती) नसलेल्या फिक्स्ड सायकलीत तर चेन पडणं म्हणजे पायानं वेग आवरण्याची सोयच जाणं, आणि ती चेन चाकात अडकली तर चाक जागीच जाम होऊ शकतं.

ते ५.३ मिलिमीटर भरून काढायचा सोपा मार्ग बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे फ्रेमच्या तळाशी क्रँकचा ॲक्सल ज्यात फिरतो त्या भागात, आहे. जुन्या क्रँकचा ॲक्सल चौकोनी टोकांचा असतो आणि तो वेगवेगळ्या लांबीत मिळतो. दोन्हीकडे सारखा असलेला ॲक्सल १० मिलिमीटरनं आखूड घेतला, की चेनव्हील ५ मिलिमीटर आत येते. ११३च्या जागी १०३ लावला तर वरचं गणित जुळलंच. एक-दीड मिलिमीटरचा फरक राहिला तरी मी चालवून घेतो. मात्र बोल्ट आवळण्याआधी क्रँक हातानं पूर्ण फिरवून चेनव्हील आणि दोन्ही क्रँक मागच्या नळ्यांना घासत नाहीत ना, हे पाहावं. या चौकोनाची मापं दोन आहेत, एक जपानी आणि एक युरोपीय. दोघांचा उतार सारखाच, पण युरोपीय टोक थोडं बारीक. युरोपीय मापाचा क्रँक जपानी ॲक्सलवर सुमारे साडेचार मिलिमीटर बाहेरच थांबतो. उलट जोडी लावली तर क्रँक फार आत सरकतो आणि कधी कधी बोल्ट टेकतो तरी क्रँक घट्ट होत नाही. ही दुसरी जोडी टाळलेलीच बरी.

चेनव्हील छोटी घ्यावी की मोठी? ४४ ला १८ आणि ३२ ला १३, दोन्हींचं गुणोत्तर २.४५च्या आसपास. पायाला फरक कळत नाही, चेनला कळतो. चेनच्या एका कडीची लांबी १२.७ मिलिमीटर, त्यावरून ४४ दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या ८९ मिलिमीटर येते आणि ३२ची ६५. साठ किलोचा माणूस चढावर उभा राहून १७० मिलिमीटरच्या आडव्या क्रँकवर सगळं वजन टाकतो, तेव्हा मोठ्या चेनव्हीलवर चेनला सुमारे ११५ किलोची ओढ बसते आणि छोटीवर जवळजवळ १५८ किलोची. शिवाय १८ दात्यांवर प्रत्येक कडी २० अंशांत वळते, १३वर सुमारे २८ अंशांत. ओढ जास्त आणि वळणही जास्त, म्हणून झीजही जास्त. माझा कल स्पष्टपणे मोठ्या चेनव्हीलकडे आहे.

आता ताण. मागची चकती आणि चेनव्हील यांच्यामधला चेनचा खालचा पल्ला साधारण ४०० मिलिमीटरचा. त्याच्या मध्यावर बोट ठेवून चेन १० मिलिमीटर वर उचलली जात असेल, तर लांबीत ढील किती असते? पायथागोरसनं उत्तर येतं: फक्त अर्धा मिलिमीटर. आता चेनव्हील आपल्या मध्यापासून पाव मिलिमीटर सरकून बसली आहे असं समजा. एका फेऱ्यात तिच्यामुळे चेनचा मार्ग जवळपास पूर्ण एक मिलिमीटरनं लांब-आखूड होतो. म्हणजे एका जागी चेन ताठ असेल, तर अर्ध्या फेऱ्यानंतर ती १४ मिलिमीटर उचलता येते. पाच बोल्टांच्या भोकांत एवढी जागा सहज असते, आणि सिंगलस्पीडची चेन ‘कधी घट्ट, कधी सैल’ होते ती बहुतेक वेळा याच कारणानं.

उपाय हाताशी आहे. पाचही बोल्ट किंचित सैल करायचे, इतकेच की चेनव्हील हलेल पण डगमगणार नाही. मग क्रँक सावकाश फिरवत चेन सर्वांत ताठ कुठे होते ते शोधायचं आणि तिथे चेनवर पान्याच्या दांड्यानं हलकेच टकटक करायचं. चेनव्हील मध्याकडे सरकते. थोडं फिरवायचं, पुन्हा ताठ जागा शोधायची, पुन्हा टकटक. ताण सगळीकडे सारखा झाला की बोल्ट एकाआड एक आवळायचे. या कामात घाई केली तर सगळं फुकट जातं.

यावरून अंडाकृती चेनव्हीलचा प्रश्न येतोच. सायकलींचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीनं १९८०च्या दशकात बायोपेस नावानं अशा चेनव्हील्स आणल्या, आणि २०१२ची तूर द फ्रान्स ब्रॅडली विगिन्सनं गोल नसलेल्या चेनव्हीलवर जिंकली. सिंगलस्पीडवर त्या चालणारच नाहीत असं अनेकांना वाटतं, कारण चेन ताणायला काहीच नाही. पण भूमिती वेगळं सांगते. अंडाकृती चेनव्हीलचे समोरासमोरचे भाग सारखे असतात. चेन तिच्या बरोबर अर्ध्या भागाला वेढत असती, तर हा वेढा कुठल्याही स्थितीत परिघाच्या निम्माच राहिला असता आणि ढील बदललीच नसती. मागची चकती लहान असल्यामुळे वेढा अर्ध्याहून थोडा जास्त असतो, तेवढाच फरक पडतो. ३२ ला १६ आणि १० टक्के अंडाकृती धरून मी हिशोब केला, तर मार्गातला फरक सुमारे एक मिलिमीटर येतो. पाव मिलिमीटर सरकलेल्या गोल चेनव्हीलइतकाच! ४४ ला १८ असेल तर तो दोन मिलिमीटरच्या घरात जातो, तिथे मी हा प्रयोग करणार नाही.

क्रँकच्या लांबीबद्दल मतं फार टोकाची असतात. १६५ ऐवजी १७५ मिलिमीटर घेतला तर तरफ सहा टक्क्यांनी वाढते, म्हणजे मागे १७ऐवजी १८ दाते लावल्यासारखं. गिअर नसलेल्या सायकलीत हा छुपा गिअरच आहे. पण लांब क्रँकमुळे स्नायूंतून जास्त ताकद निघते, ही समजूत टिकत नाही. जिम मार्टिन आणि वानीन स्पिरडुसो यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२० ते २२० मिलिमीटरपर्यंतचे क्रँक तपासले. एवढ्या मोठ्या पट्ट्यात कमाल शक्ती फक्त चार टक्क्यांच्या आसपास बदलली. आता तादेई पोगाचारसारखा तूर द फ्रान्सचा विजेताही १६५ वापरतो. बुटक्या माणसानं, आणि वळणावर पॅडल जमिनीला टेकायला नको असलेल्या फिक्स्डवाल्यानं आखूड क्रँक निःशंक घ्यावा.

आपली काळी रोडस्टर तर जन्मतःच सिंगलस्पीड. तिचा क्रँक कॉटरनं, म्हणजे आडव्या ठोकलेल्या पाचरेनं, बसवलेला असतो. कॉटर झिजला की पॅडल मारताना टक-टक जाणवते आणि तो वेळीच बदलला नाही तर क्रँकचं भोकही खराब होतं. तिची चेनव्हील उजव्या क्रँकलाच कायमची जोडलेली असते, त्यामुळे दाते बदलायचे तर क्रँकच बदलावा लागतो. तिच्यावर चौकोनी टोकाचा बॉटम ब्रॅकेट बसवायचा विचार असेल तर आधी नळीची रुंदी आणि आटे तपासून घ्यावेत. जुन्या बीएमएक्सचा एकसंध वाकवलेला स्टीलचा क्रँक मात्र साध्या फ्रेमवर बसणारच नाही. त्याला आटे नसलेली, ५१ मिलिमीटर आतल्या व्यासाची मोठी नळी लागते.

जुना क्रँक विकत घेताना तीन जागा उजेडात धरून पाहाव्यात: पॅडलच्या भोकाची कड, बोल्टांच्या पाकळ्या जिथे फुटतात ती बेचकी आणि चौकोनी भोकाचे कोपरे. ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. लहान भारसुद्धा लाखो वेळा पडले तर तडा वाढतच राहतो, आणि सिंगलस्पीडवाला चढावर उभा राहून क्रँकवर मोठा भार टाकतो. केसाएवढी रेघ दिसली तर ती नखानं खरवडून पाहावी. नख अडकलं तर तो क्रँक परत द्यावा. नख अडकलं नाही तरी शंका राहत असेल, तर दुसरा शोधावा. क्रँक ओढून काढायच्या पुलरसाठीचे आटेही शाबूत हवेत. ते गेलेले असतील तर एकदा बसवलेला क्रँक पुन्हा काढताना हाल होतात. नवा बसवल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर बोल्ट एकदा पान्यानं तपासावेत.