पोपचे प्रतिनिधी : कॉन्स्टँटिनोपलची तिसरी परिषद (६८०–६८१)

पूर्वेकडे भरणाऱ्या मोठ्या धर्मपरिषदांना रोमचे पोप सहसा स्वतः जात नसत. त्यांच्या वतीने निवडक धर्मगुरू जात. या प्रतिनिधींना लेगेट म्हणतात. त्यांचे काम नेमके कसे चाले, हे कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचे इस्तंबूल) तिसऱ्या परिषदेच्या इतिवृत्तात फार स्पष्ट दिसते.

वाद होता ख्रिस्ताच्या इच्छेचा. दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा त्याच्या ठायी होत्या, की एकच? पूर्व रोमन (बायझंटाइन) सम्राट चौथा कॉन्स्टंटाइन याने ६७८ मध्ये रोमकडे प्रतिनिधी मागितले. पोप आगाथोने आधी मार्च ६८० मध्ये रोममध्ये सभा भरवली, दोन इच्छांच्या मताला १२५ बिशपांच्या सह्या घेतल्या आणि मग माणसे धाडली. प्रेस्बिटर (बिशपच्या खालचे धर्मगुरू) थिओडोर व जॉर्ज आणि डीकन (त्याहून खालच्या पायरीचा) जॉन हे तिघे पोपच्या वतीने होते. पोर्तुस, पातेर्नो आणि रेज्जो येथील तीन बिशप त्या १२५ जणांच्या सभेच्या वतीने. एकाच शिष्टमंडळात दोन वेगळी मुखत्यारपत्रे होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आगाथोने सोबत दिलेले पत्र हृद्य आहे. आमचा मुलूख रानटी टोळ्यांनी वेढलेला, इथे धर्मगुरूही अंगमेहनत करून पोट भरतात, तेव्हा या माणसांकडून पांडित्याची अपेक्षा धरू नये, असे तो सम्राटाला विनवतो. परंपरेने आलेली श्रद्धा जशीच्या तशी सांगावी. तीत भर घालू नये, घट करू नये, बदल करू नये, एवढाच त्यांना अधिकार होता.

परिषद ७ नोव्हेंबर ६८० रोजी राजवाड्यातल्या घुमटाच्या दालनात सुरू झाली. पांडित्याबद्दल आधीच माफी मागून पाठवलेल्या या माणसांनी तिसऱ्याच बैठकीत एक लबाडी पकडली. आधीच्या, ५५३ च्या परिषदेचे दप्तर वाचले जात होते. त्यात एकाच इच्छेचा पुरस्कार करणारे, कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क (तिथला सर्वोच्च बिशप) मेनास याने पोप व्हिजिलियसला लिहिलेले म्हणून एक पत्र निघाले. प्रतिनिधींनी तिथेच हरकत घेतली : हे पत्र बनावट आहे, मेनास तर ती परिषद भरण्यापूर्वीच वारला होता. ग्रंथ समोर आणून तपासला गेला. सुरुवातीला पानांच्या तीन जुड्या घुसडलेल्या होत्या, त्यांच्यावर क्रमांक नव्हते, अक्षरही वेगळे होते. पहिला क्रमांक चौथ्या जुडीवर होता. वाचन थांबवण्यात आले.

अँटिऑकचा पॅट्रिआर्क माकारियस एकाच इच्छेचा खंदा पुरस्कर्ता होता. त्याने पुढे केलेले प्राचीन धर्माचार्यांचे उतारेही प्रतिनिधींच्या आक्षेपावरून मूळ ग्रंथांशी ताडून पाहिले गेले. आपल्या मताला सोयीचे तेवढेच उचलले, हे माकारियसने भर परिषदेत कबूल केले. त्याला पदावरून काढण्यात आले. सिद्धांताच्या या लढाईत निर्णायक काम जुन्या पोथ्यांच्या पडताळणीने केले, हे या परिषदेचे खरे वैशिष्ट्य आहे.

परिषद चालू असतानाच, जानेवारी ६८१ मध्ये, आगाथो निवर्तला. त्याच वर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी पोर्तुसचा बिशप जॉन याने हागिया सोफियात सम्राटासमोर लॅटिन भाषेत मिस्सा (मुख्य ख्रिस्ती उपासना) केली. ग्रीकांच्या त्या मुख्य देवळात हा मोठा मान होता.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र २८ मार्चला येऊन गेला होता. परिषदेने एकाच इच्छेच्या पुरस्कर्त्यांना बहिष्कृत केले आणि त्या यादीत ६३८ मध्ये वारलेला पोप होनोरियस पहिला याचेही नाव घातले. पोपच्या माणसांना एका पोपचा धिक्कार मान्य करावा लागला. १६ सप्टेंबरला, अठराव्या बैठकीत, त्यांनी अंतिम ठरावावर सह्या केल्या.

६८२ च्या उन्हाळ्यात ते इतिवृत्त घेऊन रोमला परतले. नवा पोप दुसरा लिओ याने निर्णयाला मान्यता दिली, होनोरियसच्या धिक्कारासकट. डीकन जॉन ६८५ मध्ये स्वतः पोप झाला, पाचवा जॉन या नावाने.