राखीव जागा, पण मतं कुणाची?

राज्यातल्या सरकारी डॉक्टरांच्या एका संघटनेत मागासवर्गीय व अल्पसंख्याक सदस्यांसाठी कार्यकारिणीची एक जागा राखीव आहे. यंदा त्या जागेसाठी नागपूरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी अर्ज भरलाय. समोर कोण उभं राहणार यापेक्षा चर्चा आहे ती त्यांच्या मागणीची. या जागेसाठी आजवर संघटनेतले झाडून सगळे सदस्य मत देत आले. ते फक्त संबंधित प्रवर्गांतल्या सदस्यांनी द्यावं, असं त्यांचं म्हणणं आहे.

नागपुरात हा वाद कुणाला मुळापासून समजावून सांगावा लागत नाही. ब्रिटिश सरकारच्या १९३२च्या जातीय निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांना ७१ जागा होत्या आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र मतदारसंघ होते. पुणे करारात जागा १४८ झाल्या, मतदारसंघ मात्र संयुक्त. जागा दुपटीहून वाढल्या आणि मताचं वजन गेलं. करारातलं एक कलम सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. आधी अस्पृश्य मतदारांनी चार जणांची यादी निवडायची आणि मग त्यांतल्या एकाला सर्वांनी मत द्यायचं, अशी दोन टप्प्यांची सोय त्यात होती, तीही १० वर्षांपुरतीच. जुलै १९४२मध्ये नागपुरात भरलेल्या अस्पृश्यांच्या अखिल भारतीय परिषदेने पुन्हा स्वतंत्र मतदारसंघच मागितले. राज्यघटनेत अखेर आलं ते आज आपण प्रत्येक निवडणुकीत पाहतो: उमेदवार राखीव, मतदार सगळे.

संघटनेची नियमावली लिहिणाऱ्यांनी तोच साचा उचलला. परिणामही तसाच. राखीव जागेवर बहुधा तोच निवडून येतो, ज्याच्याबद्दल बाकीच्यांची काही तक्रार नसते.

याचा कस लागला तो पदोन्नतीच्या प्रश्नात. पदोन्नतीतल्या आरक्षणाचा २००४चा शासन निर्णय उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७मध्ये रद्द ठरवला, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. मग ७ मे २०२१ रोजी, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, मागासवर्गीयांच्या पदोन्नतीसाठी राखून ठेवलेली ३३ टक्के पदंही सेवाज्येष्ठतेने भरण्याचा आदेश निघाला. कोविड वॉर्डात राबणाऱ्या डॉक्टरांना तो मोबाइलवर कळला. संघटनेने त्यावर भूमिका घेतली नाही. राखीव जागेवरचे प्रतिनिधीही गप्प राहिले, कारण त्यांना निवडून देणाऱ्यांत त्या आदेशाने ज्यांचं भलं होणार होतं तेच जास्त होते. त्यांना वैयक्तिक दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हिशेब तोच होता.

विरोधकांचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. वेगळं मतदान म्हणजे वेगळी यादी. यादीत नाव कशावरून घालायचं, जात वैधता प्रमाणपत्रावरून? खुल्या जागेवर गुणवत्तेने आलेल्या अनेकांनी ते कधी काढलेलंच नाही. काहींना यादीत नावच नकोय. युनिटमध्ये ‘कॅटेगरीवाला’ हा शिक्का पुसता पुसता वर्षं गेली, आता स्वतःच्या सहीने तो परत कोण मारून घेईल? त्यातून बौद्ध डॉक्टरांची गंमत वेगळीच. १९५६नंतर केंद्राच्या सवलती गेल्या, महाराष्ट्राने त्या १ मे १९६०पासून दिल्या, केंद्राने थेट १९९०मध्ये. पुढे १९९३मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याकांच्या यादीतही बौद्ध आले. म्हणजे जागेच्या नावातल्या दोन्ही शब्दांवर त्यांचा हक्क आहे. मुस्लिम सदस्यांची कुरकुर यावरूनच आहे आणि ती खोटी नाही.

वेगळं मतदान व्यवसायाच्या संघटनेत चालतं का? अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेत चालतं. १९६९च्या अधिवेशनात कृष्णवर्णीय सदस्य विश्वस्तांच्या न्याहारीच्या बैठकीत थेट शिरले आणि त्यांनी मागण्या पुढे ठेवल्या. आज तिथे अल्पप्रतिनिधित्व असलेल्यांसाठी विश्वस्तपद आहे आणि त्यासाठी त्या त्या गटांत नोंदवलेले सदस्यच मत देतात. त्या गटांत परदेशी पदवीधरांचाही गट आहे. म्हणजे नागपूरच्या ‘मेडिकल’मधून, म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, एमबीबीएस होऊन तिकडे गेलेला खुल्या प्रवर्गातला डॉक्टर तिथे अल्पसंख्य म्हणून बिनदिक्कत मत देऊ शकतो. त्याच्या इथल्या बॅचमेटांनी हे जरा मनावर घ्यायला हरकत नाही.

राहिला प्रश्न, मानसोपचारतज्ज्ञच का. पागलखाना चौक ज्याच्यामुळे ओळखला जातो, त्या १८६४च्या मनोरुग्णालयाच्या शहरात ही शाखा नवी नाही, पण संघटनेच्या राजकारणात सर्जन आणि फिजिशियन यांचाच वरचष्मा राहिला. २०१९च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात आदिवासी निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. जातीवरून छळाच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांना अटक झाली. तेव्हापासून निवासी डॉक्टरांच्या ‘ताणा’बद्दल बरंच बोललं जातं, आणि अशी मुलं ज्यांच्याकडे पाठवली जातात ते मानसोपचारतज्ज्ञच. उमेदवाराच्या समर्थकांचं म्हणणं असं: सलग ड्युटीने येणारा थकवा सगळ्यांच्याच वाट्याला येतो, पण थिएटरमध्ये केसला हात लावू न देणं, सगळ्यांसमोर नीटचा रँक विचारणं हा आजार नव्हे. मुलगा ओपीडीत पाठवला की डीनच्या टेबलावर जायची ती तक्रार केसपेपरवर जाते, आणि तिथेच राहते.

नियमावली बदलायला सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मतं लागतात. त्या सभेतही मत सगळेच देतात. तडजोड म्हणून दोन टप्प्यांचा प्रस्ताव पुढे आलाय: प्रवर्गातल्या सदस्यांनी चार नावं काढायची, निवड सर्वांनी करायची. सुचवणाऱ्यांना तो नवा वाटतोय. यंदाची निवडणूक मात्र जुन्याच पद्धतीने होईल आणि अर्ज मागे घेणार नसल्याचं उमेदवाराने कळवलं आहे.