ट्रिकसीनपासून कंपॉझिटिंगपर्यंत

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या आजीला नातू सांगतो, ‘मी कंपॉझिटिंग शिकतोय, म्हणजे वेगवेगळी दृश्यं एकाच चौकटीत बेमालूम जोडायचं काम.’ आजी विचारते, ‘म्हणजे ट्रिकसीनच ना?’ आजीचं बरोबर आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधलं (१९३६) वैकुंठगमन डोळे भरून पाहिलेल्या पिढीचा हा शब्द आहे आणि नातवाच्या कामाचं मूळ त्यातच आहे.

त्याच्याही मागे दादासाहेब फाळके. ‘केल्फा’ या नावानं जादूचे प्रयोग करणाऱ्या या माणसानं ती जादू कॅमेऱ्यात उतरवली. तेव्हाची युक्ती अशी: चौकटीचा एक भाग काळ्या कागदानं झाकून चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, मग उरलेला भाग झाकून दुसरं दृश्य त्याच फिल्मवर घ्यायचं. एक चूक झाली की दोन्ही दृश्यं वाया. पुढे बाबूभाई मिस्त्रींनी ‘ख्वाब की दुनिया’त (१९३७) काळ्या धाग्यानं वस्तू अधांतरी हलवल्या आणि ‘काला धागा’ हेच त्यांचं टोपणनाव पडलं.

ऑप्टिकल प्रिंटरमुळे वेगवेगळ्या फिल्म एकीवर उतरवता येऊ लागल्या, पण प्रत्येक प्रतीगणिक चित्र खरखरीत होई. थर वाढले की दर्जा घसरे. ही अडचण संगणकानं सोडवली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ या संगणकतज्ज्ञांनी प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या, निळ्यासोबत चौथा आकडा जोडला: अल्फा, म्हणजे तो पिक्सेल किती झाकतो याचं माप. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी थरांवर थर ठेवण्याचं गणित मांडलं. आज न्यूक या कंपॉझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मर्ज’चा नोड, म्हणजे दोन थर जोडणारा टप्पा, टाकणारी मुलं तेच गणित वापरतात. मला तर ते शाळेतल्या अपूर्णांकांइतकंच सुंदर वाटतं.

आपल्याकडे मात्र बहुतेकांची सुरुवात रोटोनं होते. माणसाची कड फ्रेमागणिक आखून त्याला पार्श्वभूमीतून सोडवायचं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला १२०. त्यात वाऱ्यावर उडणारे केस असले तर दिवस त्यातच जातो. ‘अवतार’नंतर, २०१० च्या सुमारास साधे चित्रपट थ्रीडीत बदलण्याची लाट आली. त्यासाठी पडद्यावरची प्रत्येक गोष्ट वेगळी कापावी लागे आणि परदेशांतलं असं पुष्कळ काम मुंबईत आलं. पुढे २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाल्यावर ठाण्यातली मुलं घाटकोपरला ती धरून अंधेरी, तिथून गोरेगाव-मालाड गाठू लागली. डिलिव्हरीच्या आठवड्यात शेवटची लोकल चुकणं नेहमीचं. या कामाला ‘मजुरी’ म्हणतात, ते मला पटत नाही. कड नीट कापता आली नाही तर पुढचा कितीही हुशार कंपॉझिटर शॉट वाचवू शकत नाही.

या कामात नोकरी टिकेल का, ही घरच्यांची काळजीही निराधार नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, तेव्हा ते काम करणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’नं दिवाळखोरीचा अर्ज करून जेमतेम दोन आठवडे झाले होते. चित्रपटातल्या वाघाच्या कामात कंपनीच्या मुंबई आणि हैदराबादच्या शाखांतल्या कलाकारांचाही हात होता. शॉटची किंमत आधीच ठरते आणि दिग्दर्शकानं कितीदा बदल सांगितले तरी ती सहसा वाढत नाही. तोटा स्टुडिओच्या माथी आणि तिथून शेवटी कलाकाराच्या रात्रींवर येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही व्हिज्युअल इफेक्ट्सची कंपनी कोसळली, तेव्हा भारतातल्या कलाकारांच्या नोकऱ्याही एका फटक्यात गेल्या.