मेकफाईल एकच असावी आणि साधी असावी

चिकोडी, रायबाग, अथणी या ऊसपट्ट्यात कारखान्याच्या वजनकाट्यावरून ट्रॉली उतरली की भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि उसाचे निव्वळ वजन अशा आकड्यांची पावती मिळते. ही पावती कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापणारा सी भाषेतला एक प्रोग्रॅम बेळगावच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून लिहायला घेतला आहे, असे समजू. त्याचे तीन फोल्डर आहेत. ‘काटा’ यंत्राकडून वजन वाचतो, ‘लिपी’ दोन्ही लिप्यांतील नावे आणि अंक सांभाळतो आणि ‘पावती’ छपाई करते. पावतीवर कोणते रकाने असतील आणि त्यांची दोन्ही भाषांतील नावे काय, हे ‘लिपी’तल्या एका साध्या तक्त्यात लिहिलेले आहे. एक छोटा सहायक प्रोग्रॅम त्या तक्त्यावरून ‘रकाने.एच’ ही हेडर फाईल (अनेक सोर्स फायलींनी वापरायच्या सामाईक व्याख्यांची फाईल) तयार करतो आणि ती ‘काटा’ व ‘पावती’ दोघेही वापरतात. एवढ्या लहान प्रकल्पातही बिल्ड, म्हणजे सोर्स फायलींपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याचे काम, चुकू शकते. ते का चुकते हे नीट समजले, तर मोठ्या प्रकल्पाची मेकफाईल, म्हणजे ‘मेक’ या साधनाला हे काम नेमून देणारी फाईल, कशी लिहावी हेही उमगते.

मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये तयार केले आणि त्यासाठी त्यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा २००३ सालचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. त्यामागची कल्पना मोजक्या शब्दांत सांगता येते. प्रत्येक नियमात तयार करायची फाईल, ती ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या फायली आणि ती तयार करण्याची आज्ञा अशा तीन गोष्टी असतात. असे सगळे नियम वाचून मेक अवलंबनांचा एक आलेख, म्हणजे कोणती फाईल कोणावर अवलंबून आहे याचे जाळे, मनाशी मांडतो, फायली शेवटच्या कधी बदलल्या त्या वेळा ताडून पाहतो आणि जी फाईल आपल्या आधारापेक्षा जुनी ठरेल तेवढीच नव्याने तयार करतो. मेकला सी भाषा कळत नाही, मराठी किंवा कन्नडही कळत नाही. त्याच्याजवळ फक्त हा आलेख आणि फायलींच्या वेळा असतात, म्हणून आलेख अपुरा असेल तर निर्णयही चुकीचा होतो.

प्रकल्प वाढला की बहुतेक जण प्रत्येक फोल्डरमध्ये एक स्वतंत्र मेकफाईल ठेवतात आणि वरच्या मेकफाईलमधून प्रत्येक फोल्डरसाठी नवा मेक चालवतात. ही रिकर्सिव्ह पद्धत दिसायला नीटनेटकी असते, पण तिच्यात आलेखाचे तुकडे पडतात. वरच्या मेकने काटा, लिपी, पावती या क्रमाने फोल्डर घेतले आणि कोणीतरी तक्त्यात वजनाच्या आधी ‘भाषा’ असा नवा रकाना घातला, तर काय घडते ते पाहू. पहिला मेक ‘काटा’मध्ये शिरतो तेव्हा ‘रकाने.एच’ जुनीच असते, म्हणून तो करण्यासारखे काही नाही असे सांगून बाहेर पडतो. दुसरा मेक ‘लिपी’मध्ये जाऊन हेडर नव्याने तयार करतो. तिसरा ‘पावती’ नव्या हेडरनिशी कंपाइल करतो, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवतो. शेवटी सगळे जोडले जाते आणि कुठेही त्रुटी दिसत नाही. मात्र ‘काटा’ अजून वजन पहिल्या जागी लिहितो आणि ‘पावती’ ते दुसऱ्या जागी शोधते, त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती चुकीच्या आकड्याची पावती पडते.

मेक पुन्हा एकदा चालवला की ही चूक आपोआप दुरुस्त होते. ‘मेक दोनदा मार’ किंवा ‘आधी क्लीन कर’ (आधी तयार झालेल्या फायली पुसून टाक) हे सल्ले प्रयोगशाळांतून इतक्या सहज दिले जातात ते याचमुळे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्न (साचा घडवणारा नमुना) दुरुस्त झाला, पण कोअर (साच्यात पोकळी राखणारे वाळूचे गाभे) जुन्याच कोअर-बॉक्समधून निघाले, तर दोन्ही विभागांनी आपापले काम चोख करूनही कास्टिंग वाया जाते. इथे नेमके तसेच घडते.

फोल्डरांचा क्रम बदलून ‘लिपी’ आधी घेतला तर हे एक उदाहरण सुटते, पण मूळ प्रश्न सुटत नाही. उद्या ‘लिपी’तल्या सहायक प्रोग्रॅमने ‘काटा’तली अंक मांडणारी एखादी फाईल वापरली, तर ‘काटा’ला ‘लिपी’ आधी हवा आणि ‘लिपी’ला ‘काटा’ आधी हवा अशी कोंडी होते. फायलींच्या पातळीवर मात्र कसलेही चक्र नसते, कारण दोघांना एकमेकांच्या वेगवेगळ्या फायली हव्या असतात. चक्र केवळ फोल्डरांना क्रम लावण्याच्या आपल्या सवयीने निर्माण केलेले असते. पीटर मिलर यांनी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिक्स वापरकर्ता संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात हाच दोष नेमका दाखवला आणि संपूर्ण प्रकल्पासाठी एकच मेक आणि एकच आलेख असावा असे मांडले. त्याच वर्षी बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून इतका काळ लोटला, तरी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत रिकर्सिव्ह मेकफाईल सर्रास दिसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एकच मेक म्हणजे एकच अजस्र फाईल नव्हे. प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटा तुकडा ठेवायचा आणि मुळाशी असलेल्या मेकफाईलने इन्क्लूडच्या साहाय्याने ते सगळे तुकडे वाचून घ्यायचे, ही नॉन-रिकर्सिव्ह पद्धत होय. तिच्यातली खरी अडचण व्हेरिएबलची आहे. मेकचे काम दोन टप्प्यांत चालते: आधी तो सर्व तुकडे वाचून संपवतो आणि मग आज्ञा चालवतो. आज्ञेतल्या व्हेरिएबलची किंमत दुसऱ्या टप्प्यात ठरते. त्यामुळे तिन्ही तुकड्यांनी कंपायलरला द्यायच्या पर्यायांसाठी ‘फ्लॅग’ या एकाच नावाला आपापली किंमत दिली असेल, तर शेवटी वाचलेल्या ‘पावती’ची किंमत तिघांनाही लागू होते. अँड्रॉइडच्या जुन्या बिल्डमध्ये, जी ७.० आवृत्तीच्या आधी पूर्णपणे ग्नू मेकवर (मेकच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या रूपावर) चालत असे, प्रत्येक मॉड्यूलच्या सुरुवातीला आधीच्या मॉड्यूलच्या किमती पुसणारी एक ठरलेली ओळ लिहावी लागे, ती याच कारणाने.

या अडचणीवर उपाय म्हणून अनेक जण इव्हॅल आणि कॉल ही फंक्शने वापरून नियमच तयार करणारे नियम लिहितात. असे लेखन चालते, पण ते लिहिणारा विद्यार्थी पदवी घेऊन पुण्याला किंवा बंगळुरूला गेला की मागे राहिलेल्यांना त्याला हात लावण्याचे धाडस होत नाही. माझ्या मते तुकड्याकडून इतकी अपेक्षा ठेवूच नये. आपल्या फोल्डरमधील सोर्स फायलींची नावे मुळापासूनच्या पूर्ण मार्गासह एका सामाईक यादीत भर घालून देणे, एवढेच त्याचे काम असावे. ‘काटा’चा तुकडा मग एका ओळीत संपतो: ‘सोर्स += काटा/काटा.सी काटा/अंक.सी’. कंपाइल करण्याचा नियम मुळाच्या मेकफाईलमध्ये एकदाच लिहावा आणि त्यात फोल्डरचे नाव असलेले कोणतेही व्हेरिएबल येऊ देऊ नये. एखाद्या फाईलला वेगळा फ्लॅग हवाच असेल, तर तो त्या टार्गेटपुरता, म्हणजे तयार होणाऱ्या त्या फाईलपुरता, बांधून द्यावा, कारण ग्नू मेकमध्ये तशी सोय आहे.

कोणती फाईल कोणते हेडर वापरते ही माहिती हाताने लिहू नये. जीसीसी या कंपायलरला ‘एमएमडी’ हा पर्याय दिला की कंपाइल करतानाच तो प्रत्येक ऑब्जेक्ट फाईलसोबत (सोर्स फाईल कंपाइल होऊन बनणाऱ्या फाईलसोबत) वापरलेल्या हेडरांची यादी असलेली एक छोटी फाईल लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी मेक ती वाचतो. ‘एमपी’ हा पर्याय सोबत दिला, तर एखादे हेडर काढून टाकल्यावर बिल्ड अडत नाही. पहिल्या बिल्डच्या वेळी या याद्या नसतात, पण ऑब्जेक्ट फायलीही नसल्यामुळे सगळे तयार होतेच. अपवाद आपल्या ‘रकाने.एच’सारख्या हेडरचा, कारण ते स्वतःच तयार व्हायचे असते आणि पहिल्या वेळी ते कोणाला हवे आहे हे मेकला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक ऑब्जेक्ट फाईलच्या अवलंबनांत उभी रेघ देऊन तिच्यानंतर हे हेडर लिहावे. फाईल आधी असायला हवी, पण तिची वेळ पाहू नये, असा त्या रेघेचा अर्थ आहे. ही सोय ग्नू मेकच्या ३.८० या आवृत्तीपासून मिळते. ऑब्जेक्ट फायली ठेवण्याचे फोल्डरही असेच रेघेनंतर लिहावे, कारण आत नवी फाईल आली की फोल्डरची वेळ बदलते आणि मेक विनाकारण सगळे पुन्हा कंपाइल करू लागतो.

फायलींच्या वेळा महत्त्वाच्या असल्यामुळे प्रकल्प पेनड्राइव्हवरून एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्यांनी थोडी काळजी घ्यावी. अशा ड्राइव्हवर नेहमी आढळणारी फॅट ही फाइल-व्यवस्था बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांतच नोंदवते, आणि दोन संगणकांच्या घड्याळांत अंतर असेल तर मेक घड्याळ चुकल्याचा इशाराही देतो. असा इशारा आल्यावर एकदा क्लीन करणे रास्त आहे.

या पद्धतीत एक सोय गमवावी लागते. ‘काटा’मध्ये उभे राहून नुसते ‘मेक’ म्हणता येत नाही, मुळापाशी येऊन किंवा ‘सी’ पर्यायाने मुळाचा मार्ग देऊन हवी ती फाईल पूर्ण नावाने मागावी लागते. जुनी मेकफाईल बदलून झाल्यावर तिची परीक्षा घेणे सोपे आहे. पूर्ण बिल्ड करून लगेच पुन्हा मेक चालवावा. त्या वेळी एकही फाईल कंपाइल होता कामा नये. मग तक्त्यात एक रकाना वाढवून मेक एकदाच चालवावा आणि ‘काटा’ व ‘पावती’ दोन्ही नव्या हेडरनंतर कंपाइल झाल्याचे पाहावे. हीच परीक्षा चार कामे समांतर चालवणाऱ्या ‘जे४’ पर्यायासह पुन्हा घ्यावी, कारण आलेखात राहिलेली उणीव समांतर बिल्डमध्ये लवकर उघडी पडते.