शब्बाथशाळा वेगळी, कुटुंब-मेळावा वेगळा

"तुमच्या मंडळीत शनिवारची पण शब्बाथशाळा सुरू झाली म्हणे?" हा प्रश्न मला आता पाठ झालाय. शब्बाथशाळा म्हणजे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी भरणारा मुलांचा बायबलचा वर्ग. शनिवारी संध्याकाळी आम्ही भरवतो तो कुटुंब-मेळावा. दोन्हीकडे मुलं, रंग, गाणी आणि बायबलमधली गोष्ट असते, त्यामुळे लोक दोन्ही एकच धरतात. नुसत्या नावाची गल्लत असती तर मी गप्प बसले असते. पण शब्बाथशाळा समजून चालवलेला मेळावा टिकत नाही. आमचाही पहिला असाच बसला, म्हणून हे लिहितेय.

शब्बाथशाळा आणखी समजावून सांगायला नको. कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या प्रत्येकाने पाठांतराचं वचन म्हणताना बाईंच्या तोंडाकडे पाहिलेलं आहे. ती खरोखर शाळाच आहे, एवढं ध्यानात असू द्या. १७८० मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी ती चालू केली ती कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी. त्यांना अक्षरओळख व्हायला रविवारच काय तो मोकळा असायचा. म्हणून तिच्यात वर्ग आले, शिक्षक आले, हजेरी आली. कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर आले, त्यांनीही शाळा काढल्या. मुलाला शिकायला पाठवायचं, ही सवय आपल्या मंडळ्यांत तेव्हापासून मुरलेली आहे.

मेळाव्याची कल्पना अलीकडची. २००४ मध्ये इंग्लंडात पोर्ट्समथजवळच्या काउप्लेन गावात लूसी मूर आणि त्यांच्या चर्चमधल्या मंडळींनी ती सुरू केली आणि नाव ठेवलं 'मेसी चर्च', म्हणजे पसाऱ्यातलं चर्च. त्यांच्या चर्चमध्ये मुलं फारशी येत नव्हती. मुलांसाठी आणखी एक वर्ग काढणं सोपं होतं, पण त्यांनी मुद्दाम अख्ख्या घराला एकत्र बोलवायचं ठरवलं. साधारण महिन्यातून एकदा जमायचं, हातांनी काहीतरी करायचं, मग छोटीशी उपासना आणि शेवटी सगळ्यांनी बसून जेवायचं.

वार, वेळ, जागा हे फरक किरकोळ आहेत. मेळावा चर्चच्या हॉलमध्ये घ्या, नाहीतर कुणाच्या अंगणात.

खरी गोची होते ती मोठ्या माणसांची. शब्बाथशाळेत मोठा माणूस एक तर शिक्षक असतो, नाहीतर मुलाला सोडायला आलेला असतो. मेळाव्यात तोही मुलाइतकाच आलेला असतो. आमच्या पहिल्या मेळाव्याला आयांनी पोरांना फाटकापाशी उतरवलं, "सातला न्यायला येते हं" म्हणाल्या आणि गाडी वळवली. जे बाप थांबले ते भिंतीला टेकून मोबाईल बघत उभे. आम्ही चौघी बायका तीस पोरांमागे धावत होतो. दोन तासांनी माझ्या लक्षात आलं की आपण फक्त जास्तीची शब्बाथशाळा घेतली, आणि तीही बेशिस्त.

पुढच्या वेळी बायबलमधला खमिराचा दाखला घेतला, मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला: पिठात लपवलेलं थोडं खमीर सगळं पीठ फुगवतं, तसं देवाचं राज्य. प्रत्येक घराला एक परात, मैदा आणि यीस्ट दिलं. भिंतीजवळच्या एका बापापुढेही परात ठेवली. त्याने बाह्या सारल्या आणि पाणी ओतलं, तसा सात वर्षांचा पोरगा ओरडला, "पप्पा, लई झालं!" दोघांचे हात कोपरापर्यंत चिकट. जुलैचा गारठा, पीठ काही लवकर फुगेना. शेजारची आजी म्हणाली, "आंबोळीचं पीठसुद्धा पावसाळ्यात असंच रुसतं, ऊब द्या त्याला." मग ओलं फडकं झाकून परात चुलीजवळ नेली. पोराने फडकं उचलून विचारलं, "खमीर गेलं कुठं?" बाप थोडा थांबला. "आतच आहे. दिसत नाही, पण काम करतंय." तीच परात उपासनेच्या वेळी पुढे आणून ठेवली. पाळकसाहेब पाच मिनिटं बोलले आणि तेवढं पुरलं, कारण उपदेश परातीपाशी आधीच झाला होता, आणि तो एका बापाने आपल्या मुलाला केला होता. शब्बाथशाळेत ही गोष्ट मी स्वतः कितीदा शिकवलीय. असं एकदाही घडलं नव्हतं, कारण बाप तिथे नसायचाच.

म्हणून काही बाबतींत मी हट्टी आहे. हातकामाचे कागद आधीच कापून ठेवायचे नाहीत, वेडंवाकडं कापू द्या. सगळ्या आयांना स्वयंपाकघरात कोंडायचं नाही, मसालेभात पुरुषांनाही वाढता येतो. आणि "हे लोक रविवारी कधी येणार?" हा हिशेब तर मुळीच मांडायचा नाही. ज्या घरांचं चर्चला येणं सुटलंय, त्यांच्यासाठी शनिवारची ही संध्याकाळच चर्च आहे.

यावर कुणी म्हणतं, मग शब्बाथशाळा बंद करा. अजिबात नको! क्रमाने पाठ, वचनांचं पाठांतर, मुलाला आपल्या वयाच्या सोबत्यांत बसून प्रश्न विचारता येणं, हे मेळाव्यात जमत नाही. मी अजून दर रविवारी वर्ग घेते.

तुम्ही मेळावा सुरू करणार असाल तर आधी निमंत्रणाची ओळ बदला. आम्ही पहिल्यांदा लिहिलं होतं, "मुलांना अवश्य पाठवा." आता लिहितो, "घरातले सगळे या, जुने कपडे घालून या, जेवूनच जा." फाटकावर एक जण उभा असतो. गाडी वळायला लागली की तो पुढे होऊन विचारतो, "ताई, तुम्ही पण थांबताय न्हवं?"