भिंतीवरची फवारणी आणि डासाचं वय

पाऊस सुरू होऊन पंधरवडा झाला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या स्थानिक पानांवर एक बातमी हमखास येते. अमुक प्रभागात डासांचा उपद्रव वाढला, नागरिकांनी निवेदन दिलं, तातडीने धुरळणी करावी अशी मागणी केली. दोन-चार दिवसांनी फोटो छापून येतो. गल्लीतून जाणारं मशीन, मागे पांढरा लोट, लोटामागे धावणारी पोरं. ‘मच्छर भलता व्हई ग्यात’ म्हणणाऱ्या आजीचंही समाधान होतं, कारण काहीतरी झालेलं डोळ्यांना दिसलं.

या बातमीने मी दरवर्षी अस्वस्थ होतो. धुरातले औषधाचे थेंब इतके बारीक असतात की ते हवेत तरंगतात आणि त्या वेळी उडत असलेल्या डासालाच लागतात. थोड्या वेळाने धूर विरतो आणि औषधाचा असरही त्याच्याबरोबर जातो. कपाटामागे, खाटेखाली बसलेला डास बचावतो, आणि टाकीतून उद्या सकाळी निघणाऱ्या डासाला तर काल धूर झाला होता याची गंधवार्ताही नसते. साथ भडकली असेल तर रुग्णाच्या घराभोवती धूर मारणं योग्य आहे आणि सरकारी सूचनांमध्येही त्याची जागा तेवढीच आहे. पण डासांविरुद्धचं मुख्य हत्यार म्हणून धूर मागणं चुकीचं. आपल्याच राज्याच्या आरोग्य खात्याने धुराशिवाय काय करून दाखवलं, हे माहीत नसल्यामुळे ही मागणी होते असं मला वाटतं.

या खात्याचा जन्म रयतेच्या काळजीतून झालेला नाही. १८५७ नंतर इंग्रजांच्या लक्षात आलं की हिंदुस्थानात त्यांचे सैनिक लढाईपेक्षा रोगराईनेच जास्त मरतात. त्यावर चौकशी आयोग बसला आणि १८६४ साली मुंबई, मद्रास व बंगाल इलाख्यांत सॅनिटरी कमिशन नेमली गेली. मुंबई इलाख्याचं सार्वजनिक आरोग्य खातं या मुळातून वाढलं. १८९६ च्या प्लेगने त्याला कडक कायदा दिला, १९१९ च्या सुधारणांनी ते प्रांतातल्या मंत्र्यांकडे आलं, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली.

पण गावपातळीवर या सगळ्या काळात माणसं ज्याने मरत होती त्याचं नाव एकच, ताप. जन्म-मृत्यूची नोंद पाटील ठेवायचा आणि त्याच्या वहीत मृत्यूच्या कारणापुढे सगळ्यात जास्त वेळा हाच शब्द यायचा. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यातला पश्चिम खानदेश, म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार, विशेषतः नवापूरची रानं आणि सातपुड्याचा पायथा, बाहेरून येणाऱ्यांसाठी तापाचा मुलूख होता. उपाय एकच, कोयनेल, म्हणजे क्विनाइन. कडू, महाग, आणि पाड्यावर पोचेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला.

हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा, परजीवी डासातून येतो हे रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात पाहिलं. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलरने १९३९ साली शोधला. महायुद्ध संपताच, १९४६ साली, मुंबई प्रांताच्या आरोग्य खात्याने डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली उत्तर कानडा (कारवार) आणि धारवाड या आता कर्नाटकात असलेल्या जिल्ह्यांत घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी मारायला सुरुवात केली. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला १९५३ मध्ये. म्हणजे दिल्लीच्या सात वर्षं आधी आपलं खातं कामाला लागलं होतं.

भिंतीवर का? गटारावर, डबक्यावर, झाडीत का नाही? या प्रश्नाचं उत्तर मला सार्वजनिक आरोग्यातलं सगळ्यात देखणं गणित वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

हिवताप पसरवणारी ॲनोफिलिस डासाची मादी रात्री घरात येते आणि माणसाचं रक्त पिते. स्वतःच्या वजनाइतकं, कधी त्याहून जास्त. एवढं ओझं घेऊन तिला लांब उडता येत नाही. ती जवळच्या भिंतीवर बसते, शेपटीकडची बाजू वर उचलून तिरपी, आणि रक्तातलं जादा पाणी बाहेर टाकत राहते. अंडी पिकेपर्यंत ती अशीच विसावते. मग बाहेर जाऊन अंडी घालते आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा रक्तासाठी येते. भिंतीवर डीडीटीचे कण असतील तर ते तिच्या पायांतून आत जातात. चेतातंतूंमध्ये सोडियमची जी दारं उघडझाप करून संदेश पाठवतात, ती उघडीच राहतात. तंतू सारखे पेटत राहतात, डास थरथरतो आणि मरतो.

तिने आज तापाच्या रुग्णाचं रक्त प्यायलं म्हणून ती उद्या रोग देऊ शकत नाही. परजीवीला तिच्या पोटात नर-मादी रूपं एकत्र आणायची असतात, जठराची भिंत भेदून बाहेरच्या बाजूला गाठ करायची असते, त्या गाठीत हजारो बारीक रूपं तयार करायची असतात आणि ती लाळेच्या ग्रंथीत पोचवायची असतात. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीला २५ अंश तापमानात यासाठी सुमारे १२ दिवस लागतात. डास त्याआधी मेला तर परजीवीही त्याच्याबरोबर संपला. रोग पसरवतो तो म्हातारा डास, आणि म्हातारे डास मुळातच थोडे असतात.

आता आकडे पाहू. शंभर माद्यांना एकाच रात्री परजीवी मिळाला आणि रोज त्यांतल्या दहा टक्के मरतात असं धरू. म्हणजे रोज ०.९ ने गुणायचं, बारा वेळा. बाराव्या दिवशी २८ उरतात. फवारणीमुळे रोज तीस टक्के मरू लागल्या तर ०.७ ने बारा वेळा गुणायचं. उरते जेमतेम एक. रोजच्या मरण्यात वीस टक्क्यांचाच फरक, पण रोग देण्याच्या वयाला पोचणाऱ्या डासांत वीसपट. शिवाय उरलेल्यांचं पुढचं आयुष्यही घटतं. पहिल्या हिशेबात बारा दिवस पार केलेली मादी सरासरी आणखी साडेनऊ दिवस जगते, दुसऱ्यात तीनाहून कमी. दोन्ही धरले तर रोग पसरवण्याची क्षमता सुमारे ७० पटींनी खाली येते. ब्रिटिश मलेरियातज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी १९५० च्या दशकात या हिशेबाचं सूत्र मांडलं. त्यात डासांची संख्या एकदाच येते, चावण्याचं प्रमाण दोनदा येते (एकदा परजीवी घेताना, एकदा देताना, म्हणून त्याचा वर्ग), आणि जगण्याची शक्यता घातांकाच्या जागी बसलेल्या दिवसांसह येते. डबकी बुजवून डास निम्मे केले तर रोग निम्म्याने घटतो. आयुष्य कापलं तर तो कोसळतो.

तेच बारा दिवस खानदेशातल्या तापाचा हंगामही ठरवतात. तापमान २० अंशांवर आलं तर परजीवीला बाराऐवजी सुमारे २८ दिवस लागतात आणि १६ अंशांखाली त्याची वाढ थांबते. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, हवा कोरडी, तेव्हा डासच जगत नाही. पाऊस ओसरतो, गिरणा-पांझरेच्या पात्रात स्वच्छ पाण्याचे डोह उरतात, हवेत ओल असते आणि तापमान पंचविशीत असतं, तेव्हा डासाला आणि परजीवीला दोघांनाही हवं ते मिळतं. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात ताप.

म्हणूनच फवारणीच्या वर्षातून दोन फेऱ्या, आणि भिंतीच्या दर चौरस मीटरला एक ग्रॅम डीडीटी. स्टिरप पंपावर दोन माणसं. एक बादलीत पंप रोवून दट्ट्या मारतो, दुसरा नळी धरून भिंतीवर वरून खाली, खालून वर, सारख्या अंतराने पट्टे ओढतो. भुकटी पाण्यात कालवलेली असते, कारण मातीच्या भिंतीवर तिचे कण वरच राहतात आणि तेलातलं औषध आत मुरून जातं. काम झालं की दारावर तारीख टाकायची. काही घरांत नको म्हणायचे, देवघरात औषध मारू द्यायचे नाहीत, आणि भिंत पांढरी दिसते म्हणून कुरकुर व्हायची. आपल्याकडे खरी अडचण सणांची होती. श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, बसणार म्हणून घर सारवून-रंगवून लख्ख करायचं, दिवाळीला पुन्हा पोतेरा. ज्या भिंतीवर औषध दोन-अडीच महिने टिकायला हवं, तिच्यावर मातीचा नवा हात फिरला की फेरी वाया. कानबाईच्या आधी फवारायचं की नंतर, याचा विचार करणारा कर्मचारी माझ्या मते पुस्तकी साहेबापेक्षा मोठा वैज्ञानिक.

दुसरं काम होतं रक्ताचं. दहा हजार लोकसंख्येमागे एक कर्मचारी, दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी. ताप आहे का, येऊन गेला का, पाहुणा आलाय का. बोटाला सुई, काचपट्टीवर एक जाड ठिपका आणि एक पातळ पापुद्रा. जाड ठिपक्यात परजीवी लवकर सापडतो, पातळ पापुद्र्यात तो कोणत्या जातीचा ते कळतं.

परिणाम आकड्यांत आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि आठ लाख मरत होते. १९६५ साली रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. मग मोहीम ढिली पडली. डास डीडीटीला सरावले. ज्या मोजक्या डासांत डीडीटीचं निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करणारं विकर जास्त होतं, तेच उरले आणि वाढले. शेतात तीच कीटकनाशकं वापरली जात होती, त्याचाही यात हात असतो, आणि खानदेश कपाशीचा मुलूख आहे. पुढे मलेरियाचा, देवीचा, कुटुंबनियोजनाचा अशा वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांना मिळून बहुउद्देशीय कर्मचारी करण्यात आलं. कल्पना चांगली होती, पण त्यात पंधरवड्याची फेरी चेंगरली असं माझं मत आहे. १९७६ साली देशात रुग्ण ६४ लाखांवर गेले. पदं रिकामी ठेवली आणि घरोघरचं फिरणं थांबलं की हा रोग परत येतो.

याच रोगाने गंडे-दोरेवाल्यांना मोठं नाव मिळवून दिलं. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात रक्तपेशी दर ४८ तासांनी एकदम फुटतात, म्हणून ताप एक दिवस सोडून येतो. हुडहुडी भरलेल्या दिवशी भगताने दोरा बांधला तर दुसऱ्या दिवशी ताप नसतोच. दोरा बांधला नसता तरी नसता. त्या एका दिवसावर विश्वास ठेवून रक्त तपासायला उशीर होतो आणि फाल्सिपेरम असेल तर तेवढ्यात तो मेंदूपर्यंत जातो. मोबाईलमधून आवाज काढून डास पळवणारी ॲपं मला त्याच रांगेतली वाटतात. त्या आवाजाने डास चावायचे थांबत नाहीत, हे तपासून झालेलं आहे.

दुर्गम पाड्यांवर आता औषधी मच्छरदाणी भिंतीचं काम करते. सातपुड्यातल्या कुडाच्या, फटी असलेल्या भिंतींपेक्षा ती अधिक भरवशाची आहे. माणसाच्या वासाने मादी जाळीवर बसते आणि तिचं आयुष्य तिथेच कापलं जातं. गणित जुनंच.

शहरांत मात्र डास वेगळा आहे. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, भिंतीपेक्षा लटकलेल्या कपड्यांवर, अंधाऱ्या सांदीत बसतो आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. इथे फवारणीपेक्षा पाणी महत्त्वाचं. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पण मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटवते आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. म्हणून ड्रम नुसता उपडा करून भागत नाही, आतली बाजू काथ्याने घासावी लागते. आणि ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथल्या बाईला कोरडा दिवस पाळा सांगणं म्हणजे तिच्या हातचं पाणी ओतायला सांगणं आहे. ती ऐकणार नाही आणि तिचं बरोबर आहे. तिथे ड्रमच्या तोंडाला घट्ट बांधलेलं कापड, हौदात गप्पी मासे आणि टाकीत मोजून टाकलेलं अळीनाशक हेच उपाय चालतात. जिल्हा हिवताप अधिकाऱ्याच्या टेबलावर पालिकेचं पाणी सोडण्याचं वेळापत्रकही असायला हवं, कारण कोणत्या वस्तीत घासायला सांगायचं आणि कोणत्या वस्तीत झाकायला, हे त्यावरूनच ठरतं.